सरकारी नकाशाचा ओटा

"कपाटाच्या काचेच्या दारांचं औचित्य काय?" गुलाबरावांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहत विचारलं.

"औचित्य म्हंजे?"

"म्हंजे कायले पाह्यजे?"

"महामायाच्या घरी हायेत म्हणून," सिंधूताई म्हणाल्या. "आतले कप बाहेरून दिसतात."

मलकापूरला नर्स असलेल्या लेकीचं, महामायाचं, नवं स्वयंपाकघर त्यांनी मागच्या महिन्यात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. गुलाबरावांनी कागदावर शेरा मारला, 'औचित्य समाधानकारक नाही. फेरसादर करावे.'

एका सरकारी बांधकाम कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून ते मागच्या वर्षी मोताळ्यातच निवृत्त झाले होते. कचेरी सुटली, कचेरीची सवय काही सुटली नाही. दुसऱ्यांच्या अंदाजपत्रकांतल्या चुका काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि स्वतःची एकही चूक कुणाला सापडली नाही याचा त्यांना भारी अभिमान. स्वयंपाकघरासाठी त्यांनी एक लाख वीस हजार मंजूर केले, तेही स्वतःच अर्ज लिहून आणि स्वतःच त्यावर सही करून. बाकीचा पैसा बँकेत पाच वर्षांसाठी बांधलेला होता. मग तीन ठिकाणची कोटेशनं बंद पाकिटांत मागवली. पाकिटं उघडताना साक्षीला कुणीतरी हवं, म्हणून सिंधूताईंना तव्यावरची पोळी तशीच सोडून बाहेर यावं लागलं. 'समक्ष उघडली' असं लिहून त्यांची सही घेतली. पोळी करपली, तिची नोंद कुठेच झाली नाही.

सगळ्यांत कमी दर ज्ञानेश्वर सुताराचा निघाला. वर काचेची कपाटं, खाली ट्रॉल्या, सगळं मिळून एक लाख अठरा हजार. दोन हजार शिल्लक राहतात हे पाहून गुलाबराव इतके खूश झाले की काचेच्या दारांचं औचित्य त्यांनी बसल्या जागी मान्य केलं. सिंधूताईंनी संध्याकाळच्या आत शेजारच्या चार घरी सांगून टाकलं.

सोमवारी सकाळी ज्ञानेश्वर मापं घ्यायला आला. सिंधूताईंचा स्वयंपाक चालूच होता. त्याने ओट्याला टेप लावला, पुन्हा एकदा लावला आणि डोकं खाजवलं.

"काका, हा ओटा तं साडेतीन फूट उंच हाय."

"मंग?"

"ओटा लय तं पावणेतीन फूट राह्यते. हे हापिसातल्या काउंटरचं माप हाय. कोन्या मिस्तरीनं बांदला?"

मिस्तरीचा काही दोष नव्हता. घर बांधलं तेव्हा गुलाबराव नोकरीला नवे नवे लागलेले. ओटा अंदाजाने बांधतो, असं मिस्तरी म्हणाला ते त्यांना सहन झालं नाही. त्यांनी कचेरीतून एका नमुना नकाशाची प्रत आणून त्याच्या हातात दिली आणि एक सूत फरक पडता कामा नये, असं बजावलं. तो नकाशा होता लोकांचे अर्ज घेण्याच्या काउंटरचा. ओटा काय नि काउंटर काय, दोन्हींवर काम उभ्यानेच करायचं, असा त्यांचा हिशेब. मिस्तरी बिचारा सरकारी शिक्का बघूनच घाबरला, आणि खरोखरच एक सूतही फरक पडला नाही.

गुलाबराव स्वतः पावणेसहा फूट. पाणी प्यायला कधी आत गेलेच तर ओटा त्यांच्या कमरेला बरोबर यायचा.

"मले तं आजवर काही अडचन नाही आली," ते म्हणाले.

"तुमी कवा पोळ्या लाटल्या, काका? काकू कायच्यावर उभ्या हायेत, ते पाहा."

सिंधूताई पाटावर उभ्या होत्या, आणि पाटाखाली विटा रचलेल्या होत्या. गुलाबराव ते तीस वर्षं पाहत आले होते. फरशी गार लागत असेल, एवढाच विचार त्यांनी केला होता.

"तू बोलली काऊन नाही?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"काय बोलू? तुमी साऱ्या गल्लीले बलावून दाखवला होता, सरकारी नकाशाचा ओटा म्हणून. तुमचे साहेब बी पाहून गेले. अशा मानसाले कोन्या तोंडानं सांगू का मले पोचत नाही म्हणून?" सिंधूताईंनी पदराला हात पुसले. "मंग सवय झाली. दोनदा पडली, तेवढंच."

एकदा तर त्यांचा हात मोडला होता. 'पत्नी घरात घसरली' असं लिहून गुलाबरावांनी दोन दिवसांची रजा घेतली होती. कुठे घसरली, हे त्यांनी बायकोला विचारलंच नव्हतं. परक्या सुतारासमोर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओटा फोडायचा, खाली घ्यायचा, नवा दगड बसवायचा, नळ सरकवायचा, याचे ज्ञानेश्वराने चाळीस हजार सांगितले. वरची काचेची कपाटंही जवळपास तेवढ्याचीच होती.

"हाय तसा राहू द्या," सिंधूताई घाईघाईने म्हणाल्या. "कपाटं तेवढी लावा. मी लोकाइले सांगून बसली."

"नाही. ओटा आधी."

सिंधूताईंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "तं वरची कपाटं काढून टाका. खाली उतरल्यावर माहा हात थोडीच पोचते तिथं?" त्या हसल्या, पण नजर भिंतीच्या रिकाम्या भागावरून हलली नाही.

गुलाबरावांनी काचेच्या कपाटांवर रेघ मारली. आयुष्यात त्यांनी हजारो बाबी खोडल्या होत्या, पण ही खोडताना त्यांना फार वाईट वाटलं. शेजारी त्यांनी लिहिलं, 'मूळ माप चुकीचे. जबाबदार मी,' आणि खाली पूर्ण सही केली.

"आता उंची किती ठिवू, काका?" ज्ञानेश्वराने विचारलं.

गुलाबरावांनी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिले विचार."

सिंधूताई गोंधळल्या. आजवर हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या फरशीवर उतरल्या, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा जेमतेम नवऱ्याच्या छातीपर्यंत आल्या. त्यांनी तळहात हवेत आडवा धरला, लाटण्यासारखा पुढे-मागे फिरवला आणि थोडा खाली घेतला.

"इथं," त्या हळूच म्हणाल्या.

गुलाबराव पेन्सिल घेऊन त्यांच्या हाताशी गुडघ्यांवर बसले.

"घाई नोको करू," ते म्हणाले. "पुन्हा एकदा लाटून पाह्य."