निळ्या शाईविना खंड्या

छापखान्यातल्या मशीनमनने उभ्या नोकरीत एकच मोठा घोळ घातला. लिमलेटच्या गोळ्यांच्या पाकिटात घालायची पक्ष्यांची कार्डं छापताना मशीनमधली निळी शाई संपली आणि ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. निळाशार खंड्या पिवळट-तपकिरी निघाला. मालकाने सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली आणि गठ्ठे कापून टाकायला लावले. तरी एक खोकं बाजारात गेलंच. एक कार्ड मशीनमनने खिशात घातलं आणि घरी बसून, तीन रविवार खपून, बारीक ब्रशने त्यात निळा रंग भरला. चूक तशीच ठेवली असती तर त्याच्या जिवाला चैन पडलं नसतं.

याला तीस वर्षं झाली. आता बायकोचा खुबा पार झिजलेला. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी भिंत धरून, ओठ चावत. ऑपरेशनचे पैसे कुठून आणायचे? अशात जावयाने फोनवर दाखवलं, की निळ्याविना छापलेल्या त्या खंड्याला हौशी लोक चार लाख मोजतात, अशी बाराच कार्डं उरलीत म्हणे. मशीनमन हरखला. बिघडलेल्याला चार लाख, तर आपल्या दुरुस्त केलेल्याला किती! वेडेपणाच हा, पण चुका निस्तरण्यात ज्याचा जन्म गेला त्याला दुसरं काय सुचणार?

जुन्या कार्डांच्या दुकानदाराने भिंग लावून कार्ड बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काका, याला हात कुणी लावला?"

"मीच. कुठे फरक दिसतोय का बघा!" मशीनमन ऐटीत म्हणाला.

"तेच तर झालं ना. हे आता साध्या खंड्यासारखं दिसतंय. तसले ढिगाने मिळतात. भाव त्या चुकीला होता."

मशीनमनने घाईने विचारलं, "आणि रंग पुसला तर?"

"निघेल?"

निघणार नव्हता. पाण्याने, उन्हाने हटणार नाही अशीच शाई त्याने तेव्हा निवडून आणली होती. त्याने कार्ड उचललं. दुकानदार हळहळून म्हणाला, "काम मात्र झकास हो!" मशीनमनला त्या कौतुकाचा संताप आला, आणि संताप कुणावर काढावा हे कळेना.

घरी बायको पलंगावर बसून गाउनच्या घड्या घालून पिशवीत भरत होती. कितीतरी दिवसांनी तिने केस नीट विंचरले होते.

"काय म्हणाला हो दुकानदार?"

"काम झकास आहे म्हणाला."

"म्हणणारच! मी दवाखान्यात फोनही करून टाकला. सोमवारी सकाळी या म्हणाले. परत चालता येईल हो मला!"

सांगायला हवं होतं. तो तिच्या विंचरलेल्या केसांकडे बघत राहिला.

"बघत काय बसलात? पिशवीची चेन लावा की. माझ्याने वाकवत नाही."

त्याने चेन लावली.