पालथी शिकवणी

गल्लीत तिला सगळे कोतवालीण म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. नवरा गेल्यावर लोकांचे कपडे धुऊन तिने दोन पोरगे वाढवले आणि कुणापुढे हात पसरला नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मग तिला ऐकवायला नवी गोष्ट मिळाली. धाकटी सून नर्स होणार! "पांढरे बूट घालून कामाला जाईल माझी सून. तुमच्यासारखी दारात बसून चकाट्या नाही पिटायची," असं तिने समोरच्या शिंपिणीला सुनावलं, तेही निकालाच्या आधी. नेमकी सून तोंडी परीक्षेत नापास झाली, आणि कोतवालिणीला शिंपिणीच्या दारावरून जायची चोरी झाली.

आता फेरपरीक्षा होती. हीही गेली तर कॉलेजातून नाव कटणार, मग काही केल्या परत घेणार नव्हते.

तसं सुनेला सगळं तोंडपाठ होतं. पण परीक्षक बाई समोर आल्या आणि माणसाच्या अंगावर हात ठेवून सांगायची वेळ आली, की तिची बोबडी वळायची. सरावाला कुणाचं तरी अंग हवं होतं. ते सासूने दिलं. फुकट मात्र नाही. दुपारची जेवणं उरकली की ती खाटेवर पालथी पडायची आणि फर्मान सोडायची, "हं, दाब आणि बोल."

सून पायथ्याशी उभी राहून दाबत दाबत बोलायची. "शरीराच्या मधल्या रेषेकडचं ते अभिमध्य, बाहेरच्या अंगाचं ते पार्श्व. हातापायाचं धडाजवळचं टोक समीपस्थ, लांबचं दूरस्थ."

"म्हणजे तुझा नवरा समीपस्थ आणि परगावचा थोरला दूरस्थ. दोघंही कामाचे नाहीत. जरा खाली दाब."

"हा डावा खांदा, आई. ही डावी टाच. पाठीकडची बाजू ती पश्च."

"शाब्बास," एवढं म्हणून सासू घोरायला लागायची.

असा अभ्यास झकास चालला होता. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी धाकटा कामावरून आला आणि खुर्चीत टेकला. सासू म्हणाली, "हा बसलाय बघ आयता. घे याच्यावर एकदा उजळणी करून."

सून नवऱ्यासमोर उभी राहिली. मोठ्या ठसक्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "डावा खांदा."

"अगं, हा उजवा."

"डावं कोपर."

"हेही उजवंच. तू नक्की कुणाचं सांगतेयस?"

सुनेने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि ती मटकन खाली बसली. पालथ्या माणसाचं डावं आपल्या डाव्या हातालाच येतं. तोच माणूस समोर तोंड करून बसला की सगळं उलटं. डावं-उजवं नेहमी रोग्याचं धरायचं, आपलं नाही, हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं. सुनेला ते पाठही होतं. पण हाताला वळण लागलं होतं ते सासूच्या पाठीचं.

"आई, तुला पाठ दाबून घ्यायची होती ना?" धाकटा म्हणाला.

"तू गप रे! तुला कुणी विचारलं?" सासू कडाडली. सून भिंतीला टेकून मुसमुसत होती आणि उद्या परीक्षा होती.

कोतवालीण खाटेवरून उठली आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"कसं उभं राहायचं म्हणालीस ते, पुस्तकातल्या माणसानं?"

"सरळ. समोर बघून. हात बाजूला, तळवे पुढे."

"ही बघ राहिले. ऊठ."

सून उठली, पण बघत होती सासूच्या हनुवटीखाली कुठेतरी. हात पुढे करायची आणि मागे घ्यायची.

"तोंडाकडे बघ की माझ्या! खाते का मी तुला?"

"कधी कधी," सून पुटपुटली.

कोतवालिणीने डोळे वटारले. मग तिच्याच लक्षात आलं, की लग्न होऊन आल्यापासून या पोरीने आपल्याकडे सरळ मान वर करून कधी पाहिलंच नाही. पाठीशी बोलणं तिला सोपं जात होतं ते उगीच नव्हे.

"बरं, आज नाही खात," ती म्हणाली. "माझा उजवा डोळा कुठला?"

सुनेचं बोट सासूच्या डाव्या डोळ्याकडे गेलं, थबकलं, आणि उजव्या पापणीवर येऊन टेकलं. सासूने डोळा मिटला. मग कान झाले, खांदे झाले, गुडघे झाले. सून चुकली की ती नुसती भुवई उडवायची. गुडघे भरून आले तरी ती खाली बसली नाही. धाकट्याने चहा करून दिला, तोही तिने उभ्यानेच प्यायला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर ती सुनेची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आत एकेक मुलगी जात होती. एक रडत बाहेर आली, तशी कोतवालीण बाकाच्या टोकाला सरकली. सून आत गेल्यावर तर तिला बंद दाराखेरीज काही दिसेना.

दार उघडलं. सुनेच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"झालं, आई."

"काय झालं? नीट बोल की गं!"

"पास झाले."

कोतवालीण उठायला गेली आणि पुन्हा बसली. छातीवर सकाळपासून ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं झालं.

"बाई स्वतःच खुर्चीत बसल्या होत्या समोर, डोळे वटारून," सून म्हणाली.

"मग? घाबरलीस?"

"तुमच्यापुढे त्या अगदीच गरीब वाटल्या."

सासू अशी खदाखदा हसली की शिपाई धावत आला. "ओ आजी, आत परीक्षा चाललीय, आवाज नको."

"आवाज नको काय? सून पास झालीय माझी!" म्हणत ती उठली, आणि सून कधी नव्हे ती तिच्या दंडाला धरून शेजारून चालू लागली. जिन्याशी सासू थांबली.

"चल. आज चूल माझ्याकडे. तू नुसती बसून राहा," ती म्हणाली. "आणि सवय नको लावून घेऊस."