लाल टिळा

"लाल कागदच," प्रवेश सर म्हणाले. सम्झना मॅडमनी मान डोलावली. तिसरे एक चष्मेवाले सर होते, तेही हो म्हणाले. तिघं इंजिनियर, तीन वेगळ्या संघटनांचे. काठमांडूत म्हणे या संघटना एकमेकींच्या चहालासुद्धा जायच्या नाहीत. भूकंप झाला, आणि सगळ्या एकत्र येऊन सरकारला म्हणाल्या, घरं आम्ही तपासतो, फुकट. राहण्याजोग्या घराला हिरवा कागद, पडणाऱ्याला लाल. मी डंबर, गावचा गवंडी. वाट दाखवायची, खळ लावून कागद चिकटवायचा, एवढं माझं काम.

हे घर नंदकली बजैचं, म्हणजे नंदकली आजीचं. म्हातारी एकटीच. भिंत मीच रचलेली, दगडमातीची. आता तिच्या फटीतून पलीकडचा डोंगर दिसत होता.

कागद चिकटवला तशी बजै आतून ताटली घेऊन आली. दह्यात कालवलेले तांदूळ. चिमूटभर घेऊन, टिळ्यावर अक्षता लावतात तसे, तिनं कागदावर दाबले.

"बजै, हे काय?"

"टिळा लागला ना घराला! शेजारणीला मेला हिरवा. मला विधवेला तीस वर्षं लाल शिवू दिलं नाही कुणी. नवरा काय मी मारला होता? सरकारला कळलं बघ शेवटी."

मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. प्रवेश सर हळूच म्हणाले, "डंबर दादा, तुम्हीच सांगा."

घ्या! सांगायचं मी.

"बजै, लाल म्हणजे घर पडणार. आत झोपायचं नाही."

ती माझ्याकडे वळली. "तूच बांधलंस ना रे, मुडद्या?"

"हो."

"मग झोपू कुठं?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी.

"ताडपत्री सरकार देईल, बजै. आम्ही कळवतो."

"कधी देईल?"

"कळवतो." प्रवेश सर माणूस चांगला. अंगातला रेनकोट काढून द्यायला लागला.

"एवढे शिकलेले तिघं आलात," बजै म्हणाली, "आणि हे?" तिनं घेतला नाही.

चौथ्या दिवशी ताडपत्री आली का बघायला गेलो. नव्हती आली. दाराशेजारी, लाल कागद पार झाकेल असं, तिनं आपलं पांढरं लुगडं वाळत घातलं होतं. छपरातून चुलीचा धूर निघत होता.

"ये की आत," ती म्हणाली. "ताक घुसळलंय."

गेलो. बसलो. माझ्याच भिंतीला पाठ न टेकता.