कुंडीकाठचा होला

“कुंडी जास्वंदीखाली सरकव गं शांतम्मा. उन्हात पाणी तापून राहिलंय.”

सिद्धम्मांचे हे बोल मला अजून आठवतात. मित्रांनो, मी एक जुनी दगडी कुंडी आहे. शिरूर अनंतपाळच्या एका परसात माझं आयुष्य गेलं. पाथरवटाने मला उथळ घडवलं, म्हणजे चिमणीलाही वाकून पाणी पिता यावं. सिद्धम्मांचा नेम होता. लिंगपूजा झाली की मला भरायच्या, आणि एखादं पाखरू पाणी प्यायल्याशिवाय भाकरीला हात लावायच्या नाहीत.

घरात कबरी नावाची मांजर होती. तिने परसातले उंदीर संपवले म्हणून सगळे तिचं कौतुक करायचे.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. पुढच्या उन्हाळ्यात मात्र आड आटला. कडबा संपला, म्हैस विकली, आणि कबरीचं दूध बंद झालं. सून शांतम्मा लांबून घागर आणायची, तरी मला कोरडं ठेवायची नाही. सासूच्या सांगण्यावरून तिने मला जास्वंदीच्या सावलीत सरकवलं. पाणी गार राहू लागलं. त्याच झुडपात कबरी दबा धरून बसू लागली.

एका सकाळी पारव्यासारख्या छोट्या होल्यांची जोडी पाण्यावर आली. एकाने मान वाकवली आणि कबरीने झेप घेतली. माझ्याच काठावर त्याने प्राण सोडला. मी दगड, ओरडू शकले नाही.

पाण्यावर तरंगणारी पिसं सिद्धम्मांनी एकेक करून वेचली. त्यांचे यजमान गुरुबसप्पा म्हणाले, “कबरीला काय तुझ्यावानी नेम हाय व्हय? पोत्यात घालून सोडून येतो लांब.”

“तिचा काय दोष? दूध आपण तोडलं. पाणी बी मीच ठिवलं, अन् मरण बी.”

त्या दिवसापासून पाखरं फिरकेनात. उरलेला होला कडुलिंबावर बसून घुमायचा, पण खाली उतरायचा नाही. मी काठोकाठ भरलेली, आणि तो तहानलेला.

मित्रांनो, पाखरांना पाणी जरूर ठेवा. पण ते कुठं ठेवतो, तिथं कोण दडून बसतं, तेही बघा. नुसत्या मायेने भागत नाही.

तिसऱ्या दिवशीही सिद्धम्मा उपाशीच होत्या. परसातल्या ओट्यावर त्या पडून होत्या. शांतम्मा ताटली घेऊन आली.

“आत्या, दोन घास खा.”

“पाखरू प्यालं का?”

“न्हाई. पर कुंडी उघड्यावर नेते मी. पाणी तापलं की बदलते. पाखरू पिऊन उडेस्तोवर कबरीला हातातून सोडत न्हाई.”

“सूर्य डोक्यावर आलाय गं पोरी.”

“येऊ दे.”

सिद्धम्मा उठून बसल्या. मग जन्मात पहिल्यांदाच नेम मोडून त्यांनी एक घास तोंडात घातला.

शांतम्माने मला ओढत परसाच्या मधोमध नेलं आणि ताजं पाणी ओतलं. मग कबरीला पदरात गुंडाळलं आणि रणरणत्या उन्हात कुंपणाकडे बसायला निघाली.