होळीचं लाकूड

भोकरदनच्या डोंगरात नव्या गाडीवाटेच्या कडेने वाळक्या फांद्यांचे एकसष्ट ढीग पडले होते. ठेकेदाराने वाटेसाठी तोडलेल्या झाडांची खोडं नेली आणि फांद्या तशाच टाकल्या. वाट काढली होती आग अडावी म्हणून. पण ढीग राहिले तर उन्हाळ्यात आग त्यांच्यावरून वाट ओलांडणार आणि पलीकडचा कोवळा साग जळणार. तो साग जंगलाचा राखणदार कारभारी याने सहा वर्षं लेकरासारखा जपला होता.

त्याने गावात दवंडी दिली, "फांद्या फुकट न्या." कुणी फिरकलं नाही. सरकारी लाकूड आज फुकट, उद्या दंड, असा गावाचा अनुभव होता.

भाकरी थापता थापता बायको गोजरबाई हसली. "अवो, होळी तोंडावर आली. दिलेलं लाकूड होळीत कोण घालतं? चोरूनच आणावं लागतं. तुमी राखण करा."

"मंग चोरतील कसं?"

"आजवर तुमच्या राखणीला कोण भ्यालंय?"

कारभारी खजील झाला. तरी दुसऱ्या दिवशी चावडीवर मिशीला पीळ देत तो गरजला, "एका काटकीला हात लावला तर याद राखा!" मग जंगलात जाऊन ढिगांकडे पाठ करून तंबाखू मळत बसला. मागे काटक्या मोडत होत्या, दबकं हसू ऐकू येत होतं. त्याने मान वळवली नाही. होळीपर्यंत रोज हेच चाललं आणि ढीग संपले.

चैत्रात माळ पेटला. आग वाटेपर्यंत आली आणि तिथेच विझली. सागाची कडेची तीन झाडं होरपळली.