बारशाआधी गेलेल्या लेकी

सुप्रिया दर रविवारी प्रार्थनेला जाते हे पळसदेवात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. "तुमची सून हालेलुयात गेली म्हणं?" गिरणीत बाया विचारायच्या, आणि तिची सासू द्वारकाबाई पिठाचा डबा उचलून घरची वाट धरायच्या.

सून वाईट नव्हती. गेल्या साली सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. तिचा नवरा अजित तिला बारामतीच्या दवाखान्यातून घरी घेऊन आला तेव्हा जो तो हेच सांगू लागला, रडू नको, तुझं वय काय गेलंय. द्वारकाबाईंनीही तेच सांगितलं. सुप्रियानं ऐकलं. ती रडली नाही, पण हळूहळू तिचं बोलणंही थांबलं.

मग शेजारची मनिषा तिला लोणी देवकरला घेऊन गेली. कारखान्यांत कामाला येणाऱ्या काही ख्रिस्ती माणसांनी तिथं प्रार्थनेसाठी एक गाळा भाड्यानं घेतला होता. सुप्रिया परतली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण त्या दिवशी ती पोटभर जेवली. तेवढ्यासाठी द्वारकाबाई गप्प राहिल्या. पुढं मात्र सून देवघरातल्या दिव्याला हात लावेना, तेव्हा त्यांच्या जिवाला लागलं.

"या रविवारी मी येते तुझ्यासंगं," त्या म्हणाल्या. तिथल्या पास्टरला चार शब्द सुनावायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

पास्टर चिंतामण पूर्वी एसटीत कंडक्टर होते. त्यांनी द्वारकाबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली. गाणी झाली, टाळ्या झाल्या. मग माणसांनी हात वर केले, डोळे मिटले आणि सगळी एकदम बोलायला लागली. ती भाषा मराठी नव्हती की हिंदी नव्हती; सुप्रिया तिला आत्म्याची भाषा म्हणायची. द्वारकाबाई घाबरल्या. जत्रेत बायांच्या अंगात येताना त्यांनी पाहिलं होतं, पण हे तसंही नव्हतं. कुणी कुणाला कौल विचारत नव्हतं. ज्याचं त्याचं चाललं होतं.

शेजारी सुप्रियाही बोलत होती. द्वारकाबाईंनी कान दिला. शब्द असे नव्हतेच, नुसते आवाज होते. मऊ, तोंडातल्या तोंडात, अंगावर पिणाऱ्या बाळाशी आई बोलते तसे.

ते मात्र त्यांना कळलं.

त्यांचीही पहिली मुलगीच होती. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. पाळणा सजवून झाला होता, आईकडून पाळण्याचं गाणं शिकून झालं होतं. तेव्हाही सगळे म्हणाले होते, रडू नको.

आवाज ओसरल्यावर चिंतामणांनी विचारलं, "आक्का, काही बोलायचंय का?"

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. ठरवलेलं सगळं राहिलं आणि तोंडातून गाणं आलं.

"रामाच्या दारात हालतो पाळणा,
झोपंना माझी साळू, वाऱ्या हळू ये ना…"

"पास्टर, हितं रामाचं नाव कसं चालंल?" मागून एक तरुण म्हणाला.

द्वारकाबाई थांबल्या. "चुकलं का माझं?"

चिंतामणांनी त्या तरुणाला हातानंच बस म्हणून खुणावलं. "न्हाय चुकलं. पुढं म्हणा, आक्का."

त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. खाली बसल्या तेव्हा सुप्रियानं त्यांना मिठी मारली आणि दोघी खूप वेळ रडल्या. कुणीही गप्प बसा म्हणालं नाही.

परतीच्या गाडीची वाट बघत दोघी हायवेच्या कडेला थांबल्या होत्या. "आत्या, नाव काय ठेवणार होता तिचं?" सुप्रियानं विचारलं.

"शेवंता. सासूबाईंना गोदा पायजे होतं. आन तू?"

"मी पोटावर हात ठेवून छकुली म्हणायचे. दुसरं काय ठरलंच नव्हतं."

"छकुली चांगलं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं मोहनरावांना, आपल्या नवऱ्याला सांगितलं. ते अंगणात पाय धूत होते. तांब्या हातात तसाच राहिला.

"मीच पुरली तिला, धरणाच्या पाण्याच्या कडंला," ते म्हणाले. "तुझ्यापुढं कधी नाव काढलं न्हाय. वाटायचं, तू इसरली आसशील."

"मला वाटायचं तुमी इसरला."

मोहनरावांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं. मग विचारलं, "आता तू बी जाणार व्हय तितं?"

"न्हाय. माझा देव हितं घरात हाय. पण तिला आडवू नगा."

घरातल्या दिव्याचं कोडं काही सुटलं नव्हतं, आणि गिरणीतल्या बायाही गप्प बसणार नव्हत्या. पण पुढच्या रविवारी एरवी सुप्रियाला सोडणाऱ्या अजितला कारखान्यात सकाळची पाळी आली, तेव्हा मोहनरावांनी आपण होऊन मोटारसायकल बाहेर काढली. सीट फडक्यानं पुसली आणि दाराकडं बघत हाक मारली, "चल पोरी, सोडतो तुला."