फाटक सगळ्यांना उघडतं तेव्हा

इस्पितळाच्या आवारातल्या आंब्याखाली लिब्रादाच्या घरच्यांनी बिऱ्हाडच मांडलं होतं. सतरंज्या, उशा, उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचं पातेलं, आणि बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या कडू पाल्याच्या पेयाचा, तेरेरेचा, एकच पेला, सगळ्यांच्या हातांतून फिरणारा. आजूबाजूला अशी आणखीही बिऱ्हाडं होती. दुपारी घंटा व्हायची, फाटक किलकिलं व्हायचं आणि खाटेमागे एक माणूस आत जायचा. पुन्हा घंटा झाली की बाहेर.

हा नियम पाटीवर लिहिलेला होता. न लिहिलेला नियमही झाडाखालच्या सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या घरच्यांना पहारेकरी सगळ्यांनाच एकदम आत सोडतो, त्यांनी मेणबत्त्या आणायला कुणाला तरी पाठवावं. असं कुणासाठी फाटक उघडलं की बायका क्रूसाची खूण करायच्या आणि हाक आपल्याला आली नाही म्हणून मनातल्या मनात काकुपेच्या मारियामातेचे आभार मानायच्या. लिब्रादाही मानायची.

एके दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. बाई राजधानीतून नव्यानं आलेल्या होत्या, आवाज मऊ होता. त्या म्हणाल्या की तुमच्या आईच्या खोलीला आजपासून वेळेचं बंधन नाही. केव्हाही या, सगळे या, लहान मुलांनाही आणा. दुखणं आम्ही आटोक्यात ठेवू, पण ते बरं करणं आता आमच्या हातात नाही. त्यांना माणसांत राहू द्या.

एवढ्या बोलण्यातून लिब्रादाला फाटक तेवढं दिसलं. आई, देओग्रासियाबाई, हिला घरच्यांनी सांगितलं होतं की पोटात व्रण आहे, औषधानं भरेल.

"आईला हे कळता कामा नये," ती म्हणाली.

"त्यांना काय कळायला हवंय, ते विचारलंत का कधी?" बाईंनी विचारलं.

 लिब्रादा तडक फाटकाशी गेली आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्याला, फुल्हेन्सियोला, तिनं गळ घातली की आमच्यासाठी उघडू नका, एकेकच सोडा. फुल्हेन्सियोनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "पोरी, उघडा म्हणून लोक माझ्या पाया पडतात. बंद ठेवा म्हणणारी तूच पहिली."

घरच्यांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. बाप गेल्यावर धाकट्यांना तिनंच वाढवलं होतं. काय सांगायचं, काय लपवायचं, हे तिनंच ठरवायचं असा घरात रिवाज पडला होता. पहाटे जपमाळ पुरी झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. त्या दिवशी जपमाळ झाली होती, तरी तेरेरेचा पेला तिनं तसाच पुढे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ निकासियो आला. ब्युनोस आयरेसहून रात्रभर बसमध्ये बसून, बायकोला आणि आजीनं कधी न पाहिलेल्या लेकीला घेऊन. आल्या आल्या तो फाटकाशी बोलायला गेला आणि परतला तो तोंड पाडूनच. फुल्हेन्सियोला खोटं बोलता येत नसे.

"ताई," तो म्हणाला, "संत पेत्रानं स्वर्गाच्या किल्ल्या तुझ्याकडे दिल्यात, हे कळवायचं तरी."

धाकटी बहीण सिरिला तेरेरे ओतता ओतता थांबली. लिब्रादानं मान वर केली नाही. सगळ्यांना एकदम पाहिलं तर आईला कळेल, असं ती हळूच म्हणाली. बाबांच्या वेळचं तिनं डोळ्यांनी पाहिलंय. आज मी जाते, तू आलायस असं सांगते. उद्या तू जा. अवचित पाहिलंन तर धसका घेईल.

निकासियोला बोलायचं खूप होतं. पण ताईपुढे बोलायची सवय त्यालाही नव्हती. तो लेकीला घेऊन झाडामागे गेला आणि तिला हात जोडायला शिकवू लागला. तिकडे वाढलेली पोर; वडीलधाऱ्यांसमोर हात जोडून आशीर्वाद मागायचा, हे तिला ठाऊकच नव्हतं. "अशी उभी राहा, मालेना. आजी हात उचलून म्हणेल, देव तुझं भलं करो. तोवर हात सोडायचे नाहीत."

घंटा झाली. लिब्रादा आत गेली, ती नेहमीसारखी तडक उशीकडे. उशी नीट केली, चादर ओढली, ओल्या फडक्यानं आईचं कपाळ पुसलं.

देओग्रासियाबाई तिच्याकडे बघत होती. चेहरा वाळून एवढासा झाला होता, पण डोळे जागे होते.

"किती दिवस झाले, तू माझ्यासमोर हात जोडले नाहीस," ती म्हणाली. "रुसलीस होय माझ्यावर?"

लिब्रादाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. घरी असताना रोज सकाळी, चुलीपाशी जायच्या आधी, ती आईचा आशीर्वाद मागायची. इथं आल्यापासून तिनं मागितला नव्हता. या खाटेपाशी हात जोडणं म्हणजे निरोप घेणं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आईला कळू नये म्हणून तिनं आईचा आशीर्वादच टाळला होता.

"तसं नाही, आई."

"मग कसं? ही खिडकी आवारावर आहे. सकाळी निकासियो खोकला, तो मी ऐकला. लहान पोरीचा आवाज ऐकला. सिरिलाचा कसावा नेहमीसारखा करपला, तोही वास आला. सगळे खाली आहेत आणि वर तू एकटी. काय, भांडलात की काय?"

 आई श्वास घ्यायला थांबली, मग पुन्हा बोलली.

"तुझ्या बापासाठी फाटक उघडलं ते उशिरा. तुम्ही सगळी पोरं हात जोडून रांगेत उभी, आणि त्याचा हात काही उठेना. नुसते डोळे भरून आले. ते मी बघितलंय." तिनं चादरीखालून उजवा हात काढला आणि छातीपर्यंत उचलून दाखवला. "माझा अजून इथवर येतो. काल याच्याही थोडा वर आला होता."

तेव्हा कुठे लिब्रादाला कळलं की आईपासून काहीच लपलेलं नव्हतं. तिनं तिथंच हात जोडले.

"आत्ता नको," आई म्हणाली. "आधी त्यांना आण. ईस्टरला घरी करतो तसं, धाकट्यापासून. तू मोठी आहेस, शेवटी."

लिब्रादा धावतच खाली गेली. फुल्हेन्सियोला ती नुसतं "उघडा" म्हणाली. फाटकाची दोन्ही दारं करकरत मागे गेली तशा झाडाखालच्या बायका उभ्या राहिल्या आणि त्यांनी क्रूसाची खूण केली. सिरिला रडू लागली. निकासियोनं मालेनाला कडेवर घेतलं.

मालेना पहिली. तिनं हात इतके घट्ट जोडले की बोटं पांढरी पडली. आजीचा हात उठला, हवेत क्रूस काढला, शब्द स्पष्ट आले. मग निकासियोची बायको. मग सिरिला. मग निकासियो; त्याच्या वेळी हात चादरीपासून जेमतेम वीतभर उठला आणि आईनं डोळे मिटले. नर्स औषध घेऊन आली होती, दुखू लागलं होतं. त्या औषधानं गुंगी येणार होती, पण ते थांबवता येण्यासारखं नव्हतं आणि लिब्रादानं थांबवलंही नाही.

मग ती पुढे झाली. हात जोडून खाटेशी उभी राहिली. आईचा हात चादरीवर पडलेला होता, तळवा वर. लिब्रादा गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपलं कपाळ त्या तळव्यावर टेकलं. आईचे ओठ हलले. ते शब्द होते की नुसता श्वास, हे तिला कळलं नाही, आणि कुणाला विचारायचा धीरही झाला नाही.

एक दिवस आधी उघडलं असतं तर. एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

खाली घंटा झाली. शेजारच्या खोल्यांतून माणसं निघाली, चपलांचे आवाज जिन्यावरून उतरत गेले. लिब्रादाही सवयीनं उठली, पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत आली. दारात फुल्हेन्सियो टोपी हातात घेऊन उभा होता. त्यानं तिला वाट दिली नाही, नुसती नकारार्थी मान हलवली.

ती परत फिरली आणि खाटेशी बसली.